शेवटचा दिवस १६ नोव्हेंबर, पुढचं लॉगिन ६ जानेवारीला

२० मार्च २०२३, सोमवार. सिंगापूरच्या एनसीएस या आयटी कंपनीतली एक टीम कामाला बसली, तर सिस्टीम उघडेचना. काय बिघडलंय याची नेहमीची शोधाशोध झाली, पण काही उपयोग झाला नाही. मग लक्षात आलं की सर्व्हर बंद पडलेले नाहीत, ते उरलेलेच नाहीत. शनिवार-रविवारच्या सुट्टीत १८० व्हर्च्युअल सर्व्हर (मोठ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले सर्व्हर) एकामागोमाग एक पुसले गेले होते.

पुसणारा कुणी परका हॅकर नव्हता. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो त्याच टीममध्ये होता आणि त्याच सर्व्हरची देखभाल करत होता. भारतातून तिकडे नोकरीला गेलेला. त्याचं नाव तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे, पण इथे त्याची गरज नाही. आपल्याला त्याच्यापेक्षा कंपनीच्या दारात रस आहे: नोकरी गेलेला माणूस चार महिन्यांनी आत शिरला कसा?

एनसीएस ही सिंगटेल समूहातली मोठी कंपनी आहे. हा कर्मचारी नोव्हेंबर २०२१ मध्ये रुजू झाला. त्याच्या २० जणांच्या टीमकडे क्यूए सिस्टीम होती, म्हणजे नवं सॉफ्टवेअर वापरात येण्याआधी ज्यावर तपासून पाहतात ती यंत्रणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये, काम समाधानकारक नाही असं सांगून कंपनीने त्याचं कंत्राट संपवलं. शेवटचा दिवस १६ नोव्हेंबर. नोकरी गेल्यावर तो गोंधळलेला आणि चिडलेला होता, आपण चांगलं काम केलं होतं असं त्याला वाटत होतं, हे पुढे न्यायालयात आलं. सिंगापूरमध्ये दुसरी नोकरी हाताशी नव्हती, म्हणून तो भारतात परतला.

६ जानेवारी २०२३ ला त्याने आपल्या लॅपटॉपवरून, ॲडमिनचं, म्हणजे यंत्रणेवर सगळे अधिकार असलेलं, लॉगिन वापरून, जुन्या कंपनीच्या सिस्टीममध्ये प्रवेश केला. १७ जानेवारीपर्यंत असं सहा वेळा. फेब्रुवारीत सिंगापूरलाच नवी नोकरी मिळाली, म्हणून तो परत गेला आणि एनसीएसमधल्याच एका जुन्या सहकाऱ्याकडे खोली घेऊन राहिला. २३ फेब्रुवारीला त्या सहकाऱ्याच्या वाय-फायवरून आणखी एकदा. या दोन महिन्यांत तो सर्व्हर पुसणाऱ्या स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या) लिहून त्या चालतात का ते पाहत होता. मार्चमध्ये १३ वेळा. आणि १८ व १९ मार्चला खरी स्क्रिप्ट सोडली.

तारखा जरा जवळून पाहा. शेवटचा दिवस ते पहिलं लॉगिन, मध्ये ५१ दिवस. पहिलं लॉगिन ते सर्व्हर पुसणं, आणखी ७१ दिवस. एकूण २० वेळा हा माणूस आत आला. पहिल्या लॉगिनलाच दार बंद असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कुणाच्या नजरेस पडलं असतं तरी १८० सर्व्हर वाचले असते. घाई कुणालाच नव्हती, त्यालाही नाही. रागाच्या भरात केलेला प्रकार असं म्हणायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे नोकरी सोडताना ‘नो ड्यूज’चा कागद फिरतो. लॅपटॉप, चार्जर, हेडसेट, आयकार्ड, लॉकरची किल्ली, कँटीनचं कार्ड. प्रत्येक रकान्यासमोर कुणाची तरी सही. चार्जर हरवला असेल तर एफ अँड एफमधून, म्हणजे शेवटच्या हिशेबातून, पैसे कापले जातात, इतका काटेकोर कारभार. सगळ्यात खाली ‘आयटी’ असा एक रकाना आणि त्यापुढे एक सही. त्या एका सहीत काय काय आलं हे सही करणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. ईमेल बंद केला, कंपनीच्या नेटवर्कचं (डोमेन) खातं डिसेबल केलं, लॅपटॉप परत आला, बास. ऑडिटला बसल्यावर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो की या सहीचा अर्थ काय. उत्तर येईपर्यंत चहा गार होतो.

कारण एचआरच्या यादीत माणसं असतात आणि ॲडमिन खातं हे माणूस नाही. त्याला एम्प्लॉयी कोड नसतो, रिलीव्हिंग डेट नसते, त्याचा पगार थांबत नाही. माणूस गेला की त्याच्या नावावरची खाती बंद होतात, आणि हे बहुतेक ठिकाणी आता बऱ्यापैकी होतं. पण जी खाती कुणाच्याच नावावर नाहीत, ती त्या रात्रीही तशीच चालू राहतात आणि त्यांचा पासवर्ड गेलेल्या माणसाच्या डोक्यात असतो. सर्व्हरचं रूट (सर्वाधिकार असलेलं खातं), डेटाबेसचा मास्टर पासवर्ड, राउटर, बॅकअप सॉफ्टवेअर, क्लाउडच्या ॲक्सेस की (पासवर्डसारख्या किल्ल्या), रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबसाठी कुणीतरी कधीतरी बनवलेलं सर्व्हिस खातं. कंपनीचे प्राण असतात ते नेमके याच खात्यांत.

एक जण गेला की असा पासवर्ड बदलायचा, हे तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य आहे. प्रत्यक्षात टीम २० जणांची असेल तर उरलेल्या १९ जणांना नवा पासवर्ड कळवायचा, तो ज्या ज्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे तिथे बदलायचा, आणि एखादी स्क्रिप्ट नजरेतून सुटली तर रात्री दोनला फोन घ्यायचा. आयटी सर्व्हिसेसमध्ये माणसं सतत येत-जात असतात. वर्षात पाच जणांनी पेपर टाकले तर पाच वेळा हा खटाटोप. म्हणून ते ‘पुढच्या मेंटेनन्स विंडोला (देखभालीच्या ठरलेल्या वेळेला) करू’वर जातं. ही आळसाची गोष्ट नाही. एका पासवर्डवर वीस माणसं बसवली की तो पासवर्ड बदलणं महाग पडतं, आणि महाग पडणारं काम टळत जातं. उपाय बदलण्याची शिस्त वाढवण्यात कमी आणि वीस जणांचा एक पासवर्ड मोडून काढण्यात जास्त आहे: ज्याचं त्याचं स्वतंत्र ॲडमिन खातं, आणि जिथे ते शक्यच नाही तिथे पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. माणूस आपल्या ओळखीने व्हॉल्टमधून तासाभरापुरता पासवर्ड घेतो, काम झालं की व्हॉल्ट तो स्वतःच बदलून टाकतो. मग डोक्यात नेण्यासारखं काही उरत नाही.

‘डोक्यात नेणं’ यावरून पुण्यातलं २००५ सालचं प्रकरण आठवतं. एमफॅसिस या आयटी कंपनीच्या इथल्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या चार अमेरिकन ग्राहकांचे पिन मिळवले आणि त्या खात्यांतले पैसे खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. रक्कम काही लाख डॉलरची होती. पैसे काढायला आले तेव्हा पकडले गेले. कॉल सेंटरमध्ये शिरताना-निघताना कागद, पेन, मोबाइल यांची झडती घ्यायची पद्धत तेव्हाही होती. चार पिन लक्षात ठेवायला मात्र कागद लागत नाही. ते प्रकरण आर्थिक फसवणुकीचं होतं आणि हे नासधुशीचं, पण गेटवरच्या झडतीवर किती विसंबायचं याचं उत्तर दोन्हीकडे सारखंच आहे.

एनसीएसने नंतर सांगितलं की ही यंत्रणा ‘स्टँडअलोन टेस्ट सिस्टीम’ होती, म्हणजे बाकीच्या जाळ्यापासून वेगळी. खरं आहे, आणि त्यामुळे ग्राहकांचं मोठं नुकसान टळलं. पण नेमक्या याच शब्दांमुळे अशा यंत्रणांची हेळसांड होते असं माझं मत आहे. प्रॉडक्शन (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ती यंत्रणा) म्हटलं की एमएफए (पासवर्डशिवाय दुसरी खूण), व्हीपीएन (कंपनीच्या जाळ्यात येण्याची सुरक्षित वाट), मंजुऱ्या, रोजचा लॉग रिव्ह्यू (कोण कधी आत आलं त्या नोंदींची तपासणी). टेस्ट म्हटलं की ‘अरे, टेस्टच तर आहे’. पासवर्ड टीमच्या ग्रुपवर टाकलेला, नाहीतर शेअर्ड ड्राइव्हवरच्या एक्सेलमध्ये. इथे एक माणूस खासगी लॅपटॉपवरून, दुसऱ्या देशातून, नुसत्या लॉगिन-पासवर्डवर ॲडमिन म्हणून आत पोचला, एवढ्यावरूनच दाराची अवस्था कळते. पासवर्ड जुना राहिला असता तरीही, लॉगिनच्या वेळी कंपनीच्या ताब्यातल्या फोनवर किंवा टोकनवर दुसरी खूण मागितली असती, किंवा कंपनीने दिलेल्या मशीनवरूनच प्रवेश ठेवला असता, तर ६ जानेवारीचा प्रयत्न फसला असता. आणि ‘टेस्टच तर आहे’ या यंत्रणेच्या नुकसानीचा आकडा निघाला ९,१७,८३२ सिंगापूर डॉलर. तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या वर.

तीच गोष्ट प्रॉडक्शनवर झाली की काय होतं ते सिस्कोने पाहिलं. तिथल्या एका अभियंत्याने एप्रिल २०१८ मध्ये नोकरी सोडली. २४ सप्टेंबरला, म्हणजे पाच महिन्यांनी, तो ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या सिस्कोच्या यंत्रणेत शिरला आणि वेबेक्स टीम्स या बैठका आणि संदेशांच्या सेवेची ४५६ व्हर्च्युअल मशीन पुसून गेला. सोळा हजारांवर खाती बंद पडली, काही दोन आठवड्यांपर्यंत. दुरुस्तीत कर्मचाऱ्यांचा जो वेळ गेला त्याची किंमत सुमारे १४ लाख डॉलर, शिवाय ग्राहकांना परत केलेले दहा लाख डॉलरहून अधिक. २०२० च्या डिसेंबरात त्याला २४ महिन्यांची कैद झाली. सिस्को म्हणजे जगाला नेटवर्क सुरक्षा विकणारी कंपनी. तेव्हा ‘आम्ही मोठे आहोत, आमच्याकडे प्रोसेस आहे’ हे वाक्य या विषयात फारसं चालत नाही.

दोन्हीकडे आणखी एक गोष्ट तितकीच खटकते. एका ॲडमिनला, एकट्याला, कुणालाही न विचारता, शेकडो मशीन पुसता आली. आत कोण आलं हा प्रश्न बाजूला ठेवा. उद्या चालू नोकरीतल्या माणसाने चुकून चुकीच्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालवली तरी हेच होईल. पुसण्याचा अधिकार वेगळा काढावा. एका तासात ठराविक संख्येपेक्षा जास्त मशीन गेली तर काम थांबावं आणि दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय पुढे जाऊ नये. सर्व्हर एक-एक करून दोन दिवस पुसले जातायत आणि ही गोष्ट सोमवारी कळते, म्हणजे शनिवारी वाजायला हवी होती ती घंटा कुणी बसवलेलीच नव्हती किंवा ती कुणी ऐकली नाही. आणि बॅकअप त्याच ॲडमिन लॉगिनने पुसता येत असेल तर त्याला बॅकअप म्हणू नये.

आता ज्या पद्धतीने माणूस गेला त्याबद्दल. राजीनामा देऊन जाणारा आणि काढला जाणारा, या दोघांची बाहेर पडण्याची रीत एकच ठेवणं चूक आहे. ऑक्टोबरमध्ये कंत्राट संपवल्याचं सांगितलं आणि शेवटचा दिवस नोव्हेंबरच्या मध्यावर, म्हणजे मधले काही आठवडे दुखावलेला माणूस अजून कंपनीच्याच नोकरीत. राजीनामा दिलेल्याला नोटीस पिरियडमध्ये केटी द्यायची असते, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून द्यायचं असतं, त्याचा ॲक्सेस हळूहळू कमी करत नेणं ठीक. काढलेल्या माणसाचा वरच्या पातळीचा ॲक्सेस, त्याला बोलावून सांगितलं जात असतानाच बंद व्हायला हवा. पगार हवा तर दोन महिन्यांचा द्या. भारतातले मॅनेजर इथे संकोचतात. ‘इतकी वर्षं काम केलंय, असं एकदम दार लावून घेणं बरं दिसत नाही.’ मला ते उलट वाटतं. ॲक्सेस बंद करणं हा अपमान नाही, त्या माणसाचंही त्यात संरक्षण आहे: पुढे काही बिघडलं तर संशयाची सुई त्याच्याकडे वळत नाही. अपमान होतो तो ‘तुझं काम बरं नव्हतं’ हे पहिल्यांदा थेट शेवटच्या बैठकीत ऐकल्यावर. आपण चांगलं काम केलं असं ज्याला मनापासून वाटत होतं, त्याला उलट चित्र आधी कधी आणि कसं दाखवलं गेलं, हा प्रश्न सुरक्षेच्या ऑडिटमध्ये कुणी विचारत नाही. विचारायला हवा. त्याने गुन्ह्याला सूट मिळत नाही, पण कोण जाताना किती कडवट आहे हे एचआरला ठाऊक असतं आणि आयटीला नसतं, ही दरी तरी बुजवता येते.

त्या सहकाऱ्याचं काय, ज्याचं वाय-फाय वापरलं गेलं? परदेशात खोली वाटून राहणाऱ्या आपल्या मुलांनी हा तपशील वाचून ठेवावा. कंपनीने अंतर्गत चौकशीत काही आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) शोधले आणि ११ एप्रिलला पोलिसांत तक्रार करून ते दिले. आयपी पत्ता घरापर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही. २३ फेब्रुवारीच्या नोंदीपुरतं बोलायचं तर पहिला संशय घरच्या कनेक्शनवाल्यावर जाऊ शकला असता. माणूस पक्का झाला तो लॅपटॉपमुळे. पोलिसांनी तो जप्त केला तेव्हा सर्व्हर पुसणारी स्क्रिप्ट त्यात सापडली, आणि अशा स्क्रिप्ट कशा लिहायच्या याचे त्याने केलेले गूगल शोधही उघड झाले. अनधिकृत प्रवेशाच्या गुन्ह्यात १० जून २०२४ रोजी त्याला दोन वर्षं आठ महिन्यांची कैद झाली.

आयपी पत्ते मिळाले कारण लॉग शिल्लक होते. २० मार्चला घोटाळा कळला तेव्हा पहिलं लॉगिन ७३ दिवस जुनं होतं, पोलिसांत जाईपर्यंत ९५ दिवस. जागा वाचवायची म्हणून लॉग ३० किंवा ६० दिवसांत उडवणाऱ्या कंपन्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. तिथे जानेवारीचं पान कोरंच राहिलं असतं आणि गोष्ट मार्चमध्येच सुरू झाल्यासारखी दिसली असती. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, आणि अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणंही. सहा तासांचं कलम सगळ्यांना पाठ असतं, १८० दिवसांचं फारसं कुणाला आठवत नाही.

हे सगळं मोठ्या आयटी कंपन्यांचं झालं. भोसरीतला वर्कशॉपवाला किंवा इचलकरंजीतला कापडवाला म्हणेल, आमच्याकडे कुठले व्हर्च्युअल सर्व्हर? नसतील. पण जीएसटी पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते बघा. पुष्कळदा तो दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नंबर असतो. वेबसाइटचं डोमेन ज्या मुलाने घेतलं त्याच्याच जीमेलवर, आणि नूतनीकरणाची आठवणही त्यालाच जाते. टॅलीचा ॲडमिन पासवर्ड कंपनीच्या नावापुढे १२३. मालकाची डिजिटल सिग्नेचर जुन्या क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये, पिन चिकटपट्टीवर लिहून. फेसबुक पेज आणि इंडियामार्टचं लॉगिन सेल्समनकडे, ग्राहकांचे सगळे नंबर त्याच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपमध्ये. इथे व्हॉल्ट वगैरे काही लागत नाही. कंपनीच्या नावाचं एक सिमकार्ड आणि एक ईमेल मालकाच्या ताब्यात ठेवायचं, प्रत्येक पोर्टलवर तेच नोंदवायचं, आणि कुठे कुठे काय आहे ते एका वहीत. माणूस गेला की वही उघडून एकेक पासवर्ड बदलायचा. एका दुपारचं काम आहे.

अशा मालकांचा ठरलेला प्रश्न असतो: वकिलाकडून एखादा कडक बॉन्ड करून घेऊ का? नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही असं कलम लिहून फारसं काही साधत नाही, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ अशी बंधनं निरर्थक ठरवतं. गोपनीयतेचं कलम मात्र जरूर घ्यावं. सर्व्हर पुसणं किंवा परवानगीशिवाय आत शिरणं यासाठी तर बॉन्डची गरजच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कलम ४३ सुरूच होतं ते मालकाची किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी नसताना केलेल्या कृत्यापासून. म्हणजे परवानगी कधी संपली हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. पासवर्ड तोच, खातं चालू, आणि ‘आता वापरू नकोस’ असं कुणी कधी लिहून कळवलेलंच नाही, अशा वेळी समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. रिलीव्हिंग लेटरमध्ये एक ओळ वाढवायची: अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून कंपनीच्या सर्व यंत्रणा आणि खाती वापरण्याची, सामाईक खात्यांसह, आपली परवानगी संपली आहे. खाली तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही.